७ ते ४५ पटींचा स्टिरिओ झूम: चुनखडकातल्या तुटक्या ट्रायलोबाइटसाठी घ्यावा का?

बाजारात ‘०.७ ते ४.५’ या आकड्यांनी ओळखला जाणारा स्टिरिओ झूम सूक्ष्मदर्शक मिळतो. दहा पटींचे आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, लावले की तो ७ पटींपासून ४५ पटींपर्यंत मोठं करून दाखवतो. मोबाइल दुरुस्तीवाले, दागिन्यांचे कारागीर, कीटकशास्त्राचे विद्यार्थी असे अनेक जण तो वापरतात. हे परीक्षण मात्र एकाच कामापुरतं आहे: चुनखडकात अडकलेला ट्रायलोबाइटचा, म्हणजे खेकड्यासारखं कवच असलेल्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा, तुकडा कोणत्या प्रकारचा आणि त्याच्या अंगाचा कोणता भाग, हे ठरवणं. त्या कामापुरता निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र घेण्यासारखं आहे. त्याच्यासोबत येणारा गोल दिवा आणि खांबाचं स्टँड मात्र या कामाला पुरत नाहीत. पैसे मोजके असतील तर ते जास्त पटींवर किंवा कॅमेऱ्यावर न घालता दिव्यावर आणि स्टँडवर घालावेत.

पारखण्यासाठी धरलेला दगड अमेरिकेतल्या सिनसिनाटी परिसरातला आहे. ओहायोचा नैर्ऋत्य कोपरा, त्याला लागून केंटकीचा उत्तर भाग आणि इंडियानाचा आग्नेय भाग, एवढ्या टापूत उत्तर ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आणि शेल (चिखलाचा पापुद्री खडक) यांचे थर एकाआड एक लागतात. तिथला चुनखडक म्हणजे जवळजवळ निव्वळ कवचांचा चुरा. ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दोन झडपांचे प्राणी), ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे बारीक प्राणी), क्रिनॉइडच्या (देठावर उभ्या समुद्री प्राण्याच्या) देठांच्या चकत्या, आणि त्यात मिसळलेले ट्रायलोबाइटचे तुकडे. वेन्सविलजवळच्या सीझर क्रीक धरणाच्या सांडव्यावर मोफत परवाना घेऊन जीवाश्म वेचता येतात. हातोडी-छिन्नी चालत नाही, तळहातात मावेल एवढंच उचलायचं आणि विकायचं नाही. सिनसिनाटी, डेटन, कोलंबस या शहरांतून तिथे सहज जाऊन येता येतं, त्यामुळे त्या भागात राहणाऱ्या मराठी वाचकांच्या घरीही असा दगड असू शकतो. ओहायो राज्याने १९८५ साली आयसोटेलस या ट्रायलोबाइटला राज्याचा अधिकृत जीवाश्म केलं. त्या सांडव्यावर ज्याचे तुकडे सगळ्यात जास्त सापडतात तो हाच.

महाराष्ट्रातल्या वाचकांचा इथे एक गैरसमज होऊ शकतो. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातला सिमेंटचा चुनखडक कितीही बारकाईने पाहिला तरी त्यात ट्रायलोबाइट मिळणार नाही. तो खडक प्रोटेरोझोइक काळातला आहे आणि ट्रायलोबाइट आले सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे त्या खडकाच्या फार नंतर. आपल्या देशातले ट्रायलोबाइट हिमालयात, स्पिती आणि काश्मीरच्या खडकांत आहेत. त्यामुळे इकडे हे यंत्र कामाला येतं ते कॉलेजच्या संग्रहातल्या, किंवा कुणी परदेशातून आणलेल्या नमुन्यांवर.

तुकडेच का मिळतात, हे कळलं तर यंत्राकडून काय हवं तेही कळतं. ट्रायलोबाइट खेकड्यासारखा कात टाकायचा. एकाच प्राण्याने आयुष्यात अनेकदा टाकलेली कात समुद्रतळावर पडायची, आणि ती सुटायची ती ठरावीक शिवणींवर. डोक्याच्या कवचाचा मधला भाग, म्हणजे क्रॅनिडियम, एकीकडे. दोन्ही बाजूंचे सुटे गाल दुसरीकडे. तोंडावरची पट्टी, म्हणजे हायपोस्टोम, तिसरीकडे. वक्षाचे खंड विखुरलेले. शेपटीचं कवच, म्हणजे पायजिडियम, वेगळं. लाटांनी ते आणखी मोडले. म्हणून हातात येतो तो ५ ते १५ मिलिमीटरचा, अर्धा दगडात रुतलेला, तिरपा पडलेला तुकडा. तो ओळखायला त्याचा उठाव दिसायला हवा: फुगवटा कुठे, खाच कुठे, कड वळून खाली कुठे गेली. रंग आणि बाह्यरेषा यांवर फारसं ठरत नाही.

आधी दोन स्वस्त पर्याय पाहू. दहा पटींचं तिहेरी काचेचं हातभिंग रानात अनिवार्य आहे. ते डोळ्याला टेकवून धरायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा. २० किंवा ३० पटींचं हातभिंग घेऊ नये. त्यात दिसणारा भाग फारच लहान असतो, भिंग दगडाला इतकं जवळ न्यावं लागतं की डोक्याची सावली पडते, आणि खोली कळत नाही. ‘१००० पट’ असं खोक्यावर छापलेला यूएसबी सूक्ष्मदर्शक तर या कामासाठी घेऊच नये. पडद्यावर चित्र ताणून हा आकडा गाठलेला असतो. भिंगाभोवतीच बसवलेले एलईडी सरळ वरून उजेड टाकतात, आयसोटेलसच्या चकचकीत कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि नेमक्या हव्या त्या रेषा त्यात बुडतात. दोन डोळ्यांनी दिसत नसल्याने खाच आणि उंचवटा यांतला फरक सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर झटकन फोटो पाठवायला ते बरं आहे, तुकडा ओळखायला नाही.

आता मुख्य यंत्र. आयपीसवर १०×/२० असं लिहिलेलं असेल तर ७ पटींवर सुमारे २८ मिलिमीटरचा भाग दिसतो, २० पटींवर १० मिलिमीटर आणि ४५ पटींवर जेमतेम साडेचार. ट्रायलोबाइटचं निम्म्याहून जास्त काम ७ ते २० पटींमध्ये होतं. त्या टप्प्यात चित्र स्वच्छ, उजेड भरपूर आणि खोली उत्तम. ३० च्या पुढे फक्त दोन-तीन गोष्टींसाठी जावं लागतं: डोळ्यातल्या बारीक भिंगांची मांडणी, पृष्ठभागावरचे दाणे, आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडातला कवचाचा छेद. म्हणून ९० पटींसाठी जास्त पैसे मोजून दुप्पट ताकदीचे आयपीस घेऊ नयेत. त्यांनी चित्र मोठं होतं, पण त्यात नवा तपशील येत नाही.

भिंग आणि दगड यांतलं अंतर साधारण १०० मिलिमीटर असतं. सुई घेऊन काम करायला हे तोकडं पडतं, कारण हात आणि सुई दोन्ही भिंगाखाली यायला हवेत. यावर ०.५ ची जोडभिंग घेणं हा चांगला उपाय आहे. ती समोर फिरवून बसवली की अंतर दीडपटीहून जास्त वाढतं, पटी ३.५ ते २२.५ होतात आणि सगळ्यात खालच्या टप्प्यावर ५७ मिलिमीटरचा भाग एका नजरेत येतो. दगडाच्या फळीवर तुकडे शोधायला हाच टप्पा सोयीचा. या कामासाठी जोडभिंग घ्यायची तर हीच. २ ची जोडभिंग घेतली तर अंतर इतकं कमी होतं की खडबडीत दगड भिंगाला टेकतो.

स्टँडबद्दल तक्रार मोठी आहे. बहुतेक संचांत एक खांब आणि खाली चौकोनी तळ येतो. कीटकाला ते पुरतं. ३० सेंटिमीटरची, चार-पाच किलोची चुनखडकाची फळी खांबाला अडते आणि तुकडा नेमका कोपऱ्यात असेल तर भिंगाखाली येतच नाही. लांब आडव्या दांड्याचं, वजनदार तळाचं स्टँड घ्यावं. तेही हलकं असेल तर दांडा पुढे काढल्यावर चित्र थरथरतं. घेण्याआधी दांडा पूर्ण पुढे काढून, ४५ पटींवर फोकस करून टेबलावर बोट आपटून पाहावं. थरथर दोन सेकंदांत थांबली नाही तर ते स्टँड परत करावं. दगड तिरपा बसवायला बारीक वाळूची किंवा मोहरीची छोटी कापडी पिशवी लागते. मुलांच्या खेळातली चिकणमाती वापरू नये. तिच्यातलं तेल चुनखडकात मुरतं आणि डाग जात नाही.

आता दिवा. या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. संचात भिंगाभोवती बसणारा गोल एलईडी येतो. तो सगळीकडून सारखा उजेड टाकतो, म्हणजे सावली मारून टाकतो. सावली गेली की उठाव गेला. त्याऐवजी लवचीक मानेचे दोन एलईडी घ्यावेत. एक डाव्या वरच्या बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाशी १५ ते २० अंशांवर, हा मुख्य. दुसरा समोरून, बराच मंद, किंवा त्याऐवजी पांढऱ्या कागदाचा तुकडा उभा धरला तरी चालतो. मुख्य दिव्यासमोर बटर पेपर लावला की चकाकी मऊ होते. डाव्या वरच्या बाजूचा नियम जीवाश्मांच्या फोटोंत जगभर पाळतात, आणि त्याला कारण आहे. उजेड फोटोच्या खालच्या कडेकडून आला तर त्यात खड्डे उंचवट्यांसारखे दिसू लागतात. ट्रायलोबाइटमध्ये हे घातक आहे, कारण चुनखडकात कवच निघून जाऊन मागे त्याचा ठसा उरलेला असू शकतो. आतला साचा, बाहेरचा ठसा आणि खरं कवच यांत गफलत झाली की पुढची सगळी ओळख चुकते. दोन डोळ्यांनी पाहताना हा भ्रम सहसा होत नाही, आणि स्टिरिओ यंत्र घ्यायचं मोठं कारण हेच आहे. शंका आली तर दगड हलकेच फिरवावा: खड्ड्यातली सावली दिव्याच्या बाजूच्या कडेखाली पडते, उंचवट्याची दिव्याच्या विरुद्ध बाजूला.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका तुकड्यावर पाहू. ११ मिलिमीटर लांब, ६ रुंद, काळसर तपकिरी, चकचकीत, किंचित वाकलेला. गोल दिव्याखाली तो नुसता चकाकतो आणि फॉस्फेटी कवचाच्या ब्रॅकिओपॉडसारखा वाटतो. गोल दिवा बंद करून बाजूचा दिवा १५ अंशांवर आणला, १५ पटींवर पाहिलं, की पृष्ठभागावर बारीक पायऱ्या उमटतात. प्रत्येक पायरीची एक बाजू उतरती आणि दुसरी जवळजवळ उभी, शेतातल्या बांधांसारखी. सावली एकाच बाजूला पडते. या रेषा अंगठ्याच्या ठशासारख्या वळतात, मध्येच दुभंगतात, कुठे संपतात आणि शेजारून नवी सुरू होते. ब्रॅकिओपॉडच्या वाढीच्या रेषा अशा नसतात. त्या चोचीभोवती, म्हणजे कवचाच्या टोकदार भागाभोवती, एकात एक कमानींसारख्या जातात आणि कवचाच्या कडेपर्यंत अखंड राहतात. पायऱ्यांच्या या रेषा सिनसिनाटीच्या दगडात दिसल्या की पहिला अंदाज आयसोटेलसचा, तोही त्याच्या खालच्या बाजूचा: एक तर कड आत वळून झालेली रुंद पट्टी, नाही तर हायपोस्टोम. आता तुकडा फिरवून मागची कड पाहायची. तिथे चिमट्याच्या दोन टोकांसारखे दोन जाड सुळे निघाले तर प्रश्नच मिटला. आयसोटेलसचं हायपोस्टोम मागे दुभंगलेलं असतं आणि त्या दगडात तसं दुसरं काही नाही. सुळ्यांच्या मध्ये दगड भरलेला असेल तर पेन्सिलीसारख्या पकडीत बसवलेल्या कार्बाइडच्या सुईने तो कण-कण काढावा. सुई कवचाकडे कधीही ढकलायची नाही, कवचापासून दूर ओढायची.

दुसरा तुकडा नेहमी फसवतो. पांढरट पट्टी, ८ मिलिमीटर, तिच्यावर ओळीने छिद्रं. बहुतेक जण तिला ब्रायोझोआ म्हणून बाजूला टाकतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, कारण त्या चुनखडकात ब्रायोझोआ रग्गड आहे. पण ती क्रिप्टोलिथस या आंधळ्या ट्रायलोबाइटच्या डोक्याभोवतीची जाळीदार झालर असू शकते. २० ते २५ पटींवर तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रायोझोआची भोकं साधारण पाव मिलिमीटरची, एकमेकींना चिकटून, सगळीकडे भरलेली असतात आणि तुटलेल्या कडेला त्या नळ्या आत खोल गेलेल्या दिसतात. झालरीतले खड्डे कडेला समांतर कमानींत आणि त्याच वेळी त्रिज्येच्या दिशेने रांगेत बसतात; दोन खड्ड्यांमध्ये गुळगुळीत जागा राहते. आणि तुटलेल्या कडेला झालर म्हणजे दोन पातळ पत्रे दिसतात, वरच्या आणि खालच्या खड्ड्यांची टोकं मध्ये एकमेकांना भिडलेली. दोन पत्रे दिसले की शंका उरत नाही. कात टाकताना या दोन पत्र्यांमधली शिवण उघडायची, म्हणून कधी नुसता खालचा पत्रा मिळतो, त्याला मागे जाणारा लांब गालकाटा जोडलेला असतो.

फ्लेक्सिकॅलिमेनी हा तिथलाच आणखी एक ट्रायलोबाइट ओळखायला सोपा, पण क्रॅनिडियम हाती हवं. मधला फुगवटा घंटेच्या आकाराचा, पुढे निमुळता, त्याच्या दोन्ही बाजूंना गोलसर गाठी, सगळ्यात मागची जोडी सगळ्यात मोठी, आणि समोरची कड वर उचललेली. पृष्ठभाग दाणेदार. नुसता वक्षाचा एक खंड असेल तर ‘कॅलिमेनिडी कुळातला असावा’ याच्या पुढे जाऊ नये. सेरॉरस या ट्रायलोबाइटचे जाड दाणे आणि शेपटीच्या कवचातून मागे वळलेले दोन लांब काटे चटकन लक्षात येतात. नुसता सुटा काटा असेल तर तो कुणाचा हे सांगायचा मोह टाळावा.

ट्रायलोबाइट नसलेले तुकडे वेगळे काढायलाही हे यंत्र उपयोगी आहे. क्रिनॉइडची प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो त्या खनिजाचा, एकच स्फटिक असतो. ती तुटली की सपाट पाटीसारखी फुटते आणि दिव्याखाली फिरवताना सगळी एकदम चमकून उठते. ट्रायलोबाइटच्या कवचाची तुटलेली कड अशी एकदम उजळत नाही; ती पातळ, सलग, काठाला वळलेली दिसते. फॉस्फेटी कवचाची शंका असेल तर सुटलेल्या, टाकाऊ कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. कॅल्साइट फसफसतं, फॉस्फेट नाही. ही परीक्षा नमुन्यावर कधीच करू नये.

इथेच एक सावधगिरी. यंत्रासोबतच्या सल्ल्यांत आणि व्हिडिओंत व्हिनेगरने दगड साफ करायला सांगतात. सिनसिनाटीच्या ट्रायलोबाइटचं कवच कॅल्साइटचं आणि भोवतालचा दगडही कॅल्साइटचा. व्हिनेगर दोन्ही सारखंच खातं आणि आधी जातात त्या पायऱ्यांच्या रेषा, म्हणजे ओळखीची खूणच. आम्लात दगड विरघळवून ट्रायलोबाइट मोकळे करतात ते फक्त कवचाची जागा सिलिकाने घेतली असेल तिथे, उदाहरणार्थ व्हर्जिनियातल्या काही ऑर्डोव्हिशियन चुनखडकांत. इथे पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ टूथब्रश आणि सुई एवढंच. तुकडा सुटला तर फेव्हिक्विकसारखा झटपट डिंक लावू नये, तो पुन्हा काढणं अवघड जातं. पॅरालॉइड बी-७२ ही अॅक्रिलिक राळ अॅसिटोनमध्ये विरघळवून लावावी. भुसभुशीत कवच घट्ट करायला ५ टक्के पुरे, जोडायला बरंच घट्ट द्रावण लागतं. पुन्हा अॅसिटोन लावलं की ती सुटते.

रंग चट्टेरी असेल तर दिव्यानेही काम होत नाही. मग नवसागर. कल्हईवाले वापरतात तोच, अमोनियम क्लोराइड, फक्त प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्यावा. काचेच्या नळीच्या फुग्यात चमचाभर घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवला की साधारण ३३८ अंश सेल्सिअसला तो न वितळता वाफ होतो. नळीच्या टोकातून हलकी हवा देऊन तो पांढरा धूर पूर्ण कोरड्या तुकड्यावर दोन-तीन सेकंद सोडायचा. वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात किंवा उघड्या खिडकीपाशी, तोंड बाजूला ठेवून. थर इतका पातळ हवा की खाचा भरून जाऊ नयेत. जाड झाला की दाणे उमटतात आणि ते कवचावरचे दाणे समजून फ्लेक्सिकॅलिमेनीची चुकीची ओळख होते. तो पाण्याने धुऊन जातो, आणि त्याच दिवशी धुवावाच, कारण तो ओल ओढतो आणि किंचित आम्लधर्मी आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे काम करू नये. नळीतून धूर बाहेर पडतो न पडतो तोच ओलसर होऊन चिकटतो. दगड आधी दिव्याखाली कोमट करून घेतला तर थोडी सुधारणा होते, पण हिवाळ्याची कोरडी सकाळच खरी.

मोजमापासाठी एका आयपीसमध्ये मोजपट्टी बसवून मिळते. इथे झूमची कळ महत्त्वाची. १, २, ३, ४ अशा टप्प्यांवर जिचा ‘टक’ असा थांबा लागतो, तीच घ्यावी. थांबे नसतील तर झूम प्रत्येक वेळी किंचित वेगळीकडे राहतो आणि मोजपट्टीचा अर्थ बदलतो. १ मिलिमीटरचे १०० भाग केलेली काचपट्टी ठेवून प्रत्येक थांब्यावर एकदा प्रमाण काढून कागदावर लिहून ठेवावं.

तिसरी नळी, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड असलेला प्रकार, हौसेने घेतला जातो. स्वस्त यंत्रांत कॅमेरा चालू करायची दांडी ओढली की एका डोळ्याचा उजेड कॅमेऱ्याकडे जातो आणि त्या आयपीसमध्ये अंधार होतो, म्हणजे सुईने काम करताना पडद्यावर पाहत राहता येत नाही. दोन्ही डोळे आणि कॅमेरा एकाच वेळी चालणारं मॉडेल विचारून घ्यावं. दुसरी अडचण रचनेतलीच आहे. या किमतीतल्या बहुतेक यंत्रांत दोन नळ्या एकमेकींना तिरप्या असतात, त्यामुळे कॅमेरा दगडाकडे सरळ वरून न पाहता कललेला पाहतो. वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो करायचा म्हटलं तर प्रत्येक फोटो थोडा बाजूला सरकलेला येतो. जुळवणी करणारं सॉफ्टवेअर हे सांभाळतं, कडा मात्र कापाव्या लागतात. फोटो हेच मुख्य काम असेल तर साध्या कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून सरळ वरून फोटो घेणं जास्त चांगलं. ओळखण्यासाठी दोन डोळ्यांचं साधं मॉडेल पुरतं आणि वाचलेले पैसे दिव्याला लागतात.

घासलेल्या दगडावर हे यंत्र अपेक्षेपेक्षा चांगलं उतरलं. चुनखडक कापून ४००, ६००, मग १००० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइडने घासला आणि वर पाण्याचा किंवा ग्लिसरिनचा थेंब ठेवला की ३० पटींच्या पुढे तुकड्यांचे छेद दिसतात. त्यात ट्रायलोबाइट म्हणजे पातळ, सारख्या जाडीची, टोकाला धनगराच्या काठीसारखी वाकलेली रेषा. ती वाकण म्हणजे कड आत वळलेली जागा. ब्रॅकिओपॉडच्या छेदात थर-थर दिसतात, ब्रायोझोआत खिडक्या. या छेदावरून प्रजाती (जीनस) ठरत नाही, पण दगडात ट्रायलोबाइट किती आणि कुठल्या थरात आहेत हे पृष्ठभाग न फोडता कळतं. त्याहून बारीक काही हवं असेल तर ०.०३ मिलिमीटरचा पातळ छेद आणि ध्रुवीकरणाचा सूक्ष्मदर्शक लागतो, ते या यंत्राचं काम नाही.

ओळख लिहिताना यंत्राने दाखवलं त्याच्या पुढे जाऊ नये. क्रॅनिडियम, हायपोस्टोम, शेपटीचं कवच आणि काट्यासकट सुटा गाल यांवरून प्रजाती किंवा जाती (स्पीशीज) ठरू शकते. वक्षाच्या खंडावरून सहसा कुळ. आयसोटेलसच्या हायपोस्टोमवर ‘आयसोटेलस, जाती अनिश्चित’ असं लिहिणं पूर्ण आणि बरोबर आहे. त्याच्या जातींपैकी मॅक्सिमस की गिगस हे त्यावरून लिहू नये. सोबत जागा, थर, तारीख, तुकड्याचा भाग आणि वरची बाजू दिसते की खालची, एवढं लेबलवर हवंच. थर माहीत नसलेल्या तुकड्याची ओळख नेहमीच कच्ची राहते, कारण क्रिप्टोलिथससारखे काही प्रकार त्या टापूतल्या ठरावीक थरांतच सापडतात.

दुकानात तपासताना खिशात मिलिमीटरचा आलेख-कागद ठेवावा. तो भिंगाखाली सपाट ठेवून दोन्ही आयपीसचे फोकस-कडे शून्यावर आणावेत. ४५ पटींवर मुख्य चाकाने फोकस करावा, मग ७ पटींवर येऊन चाकाला हात न लावता फक्त आयपीसची कडी फिरवून प्रत्येक डोळ्याचं चित्र स्पष्ट करावं, आणि पुन्हा ४५ वर जावं. आता वर-खाली जाताना चित्र धूसर होता कामा नये. मग कागदावरचा एक ठिपका मध्यभागी आणून एकेक डोळा मिटावा. ४५ पटींवर ठिपका एका डोळ्याला मध्ये आणि दुसऱ्याला बाजूला दिसला तर नळ्या जुळलेल्या नाहीत. असं यंत्र सवलतीतही घेऊ नये. पंधरा मिनिटांत डोकं दुखतं आणि ही जुळणी घरी करता येत नाही.

समुद्राकाठच्या आणि कोकणातल्या घरांत भिंगांवर बुरशीची जाळी धरते, विशेषतः जून ते सप्टेंबर. वापर झाला की यंत्र सिलिका जेलच्या पिशव्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवावं. कापडी खोळीने धूळ थांबते, बुरशी नाही. आणि नवसागराचं काम या यंत्राशेजारी करू नये. त्याच्या वाफा धातूच्या दांड्यांवर आणि दातेरी पट्टीवर बसून गंज धरतो आणि फोकसचं चाक जड होतं. थर दुसऱ्या टेबलावर द्यावा, आणि दगड पूर्ण थंड झाल्यावरच भिंगाखाली आणावा.